फळीमागचा पिळा

मी एक जुनी गाडी आहे, पण नुसती गाडी म्हटलेलं मला खपत नाही. मित्रांनो, माझ्या पोटात अख्खं घर आहे. पलंग, ओटा, सिंक, दोन कपाटं! एका सामानवाहू व्हॅनमधून मालकांनी मला घडवलं, तेव्हा त्यांचे केस काळे होते. फळ्या त्यांनी कापल्या, पडदे मालकिणीने शिवले. वायरिंगही मालकांनीच केलं, आणि हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत.

पंधरा वर्षं आम्ही मनसोक्त उंडारलो. मग मालकीण गेली आणि मी घराशेजारी ताडपत्रीखाली पडून राहिले. सहा वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. राग येई, पण सांगणार कुणाला?

यंदा मालकांच्या लेकीने ताडपत्री ओढली. मालकांची फुप्फुसं आता थकली आहेत. नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं यंत्र, असं त्यांचं चालतं. त्यांची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर राहते आणि तिची नजर झपाट्याने जात चालली आहे. तिला दिसतंय तोवर एकदा तिच्यासमोर जाऊन बसायचं, एवढाच मालकांचा हट्ट. पण वाटेत यंत्राला वीज हवी, आणि माझी बॅटरी तर एक दिवा लावतानाही कुंथत होती.

म्हणून इलेक्ट्रिशियन बोलावली. कानावर पेन्सिल खोचावी तसा ती टेस्टर खोचते, म्हणून मी तिचं नाव टेस्टरताई ठेवलं. तिने नवी बॅटरी बसवली, नवा फ्यूजबॉक्स लावला, विटलेल्या वायरी ओढून काढल्या. मला अगदी तरतरी आली. मग पलंगामागच्या फळीवर टकटक करून तिने विचारलं, "काका, याच्या आत कुठे जोड नाही ना? असला तर फळी काढून नवी वायर ओढावी लागेल. आठवडा जाईल."

"छे छे! अखंड वायर आहे. मी स्वतः घातलीय," मालक म्हणाले.

अखंड कसली! एका सहलीत तिथला फ्यूज सारखा उडत होता. वैतागून मालकांनी तो काढून टाकला, तांब्याच्या तारेचा पिळा मारला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि फळी ठोकून टाकली. मालकिणीला म्हणाले, "झालं दुरुस्त!" पुढे त्या वायरीवर एक दिवाच उरला, म्हणून निभावलं. पण खड्ड्यांनी पिळा सैल झाला होता, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

दुपारी चाचणी झाली. मालक पलंगावर फळीला टेकून बसले आणि यंत्र त्याच वायरीवरच्या, पलंगाजवळच्या सॉकेटला लागलं. ते घुरघुरू लागताच लेकीने टाळ्या वाजवल्या. पुढे टेस्टरताई मीटर पाहत होती. आकडे बरोबर होते, नवा फ्यूज मख्ख बसून होता. तापत होता तो फक्त पिळा.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. चिकटपट्टी वितळली, लाकूड करपू लागलं. त्याच फळीला टेकून, नाकात ऑक्सिजन घेऊन मालक बसलेले! ऑक्सिजनजवळ ठिणगी पडली तर काय होतं, ते तुम्ही शाळेत शिकला असाल. हॉर्न माझा, पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो. मी जिवाच्या आकांताने दिवा मिचकावला.

"नवीन आहे ना, होईल नीट," लेक म्हणाली.

मालकांनी हळूच फळीला तळवा लावला आणि चटकन काढून घेतला. त्यांना कळलं! आता बोलतील, असं मला वाटलं. पण ते गप्प राहिले. बोलावं तर आठवडा जाणार आणि अब्रूही जाणार. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला त्यांचा एवढा राग कधी आला नव्हता.

तेवढ्यात उशी सारखी करायला लेक त्यांच्याजवळ आली आणि फळीला खेटून बसली.

मालकांनी प्लग उपटला. "बाहेर हो आधी! आत जोड आहे. मीच मारलाय. खोटं बोललो मी!"

लेकीने त्यांना धरून खाली उतरवलं आणि घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर लावला. टेस्टरताईने फळी उचकटली. आतली बाजू तव्याच्या बुडासारखी काळी पडली होती. ती म्हणाली, "काका, अजून कुठे कुठे?"

मालकांनी मान खाली घालून बोट दाखवलं. एक ओट्याखाली, एक छतात. छतातला तर मीही विसरले होते.

संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावला. "ताई, आठवडा उशीर होणार. चूक माझीच आहे."

"होऊ दे की," पलीकडून आवाज आला. "नाही दिसलास तर तोंडावरून हात फिरवून बघीन. पण धड ये रे बाबा."

मालक रडले. मलाही भरून आलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मुठीचं मला माहीत नाही, पण झाकलेला जोड घर जाळतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांना जरूर पुसा, तपासा, तेलपाणी करा. पण दुरुस्तीला कुणी आलं की आधी खरं सांगा, कारण आम्हाला सांगता येत नाही.

आठवडा सरला. उद्या सकाळी आम्ही निघतो आहोत. पलंगामागच्या नव्या फळीला मालकांनी या वेळी खिळे ठोकू दिले नाहीत. बिजागऱ्या लावून घेतल्या आहेत, आणि आज त्यांनी ती चार वेळा उघडून पाहिली.