झुंबरबाईंच्या डोळ्याचा फोटो

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कुंभार पिंपळगावच्या मठापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मच्छिंद्र महाराजांनी डोळ्याच्या आतले दोन फोटो मोठे करून टांगले होते. एकात डोळ्यामागच्या पडद्याच्या रेषा जाड, फिसकटलेल्या. दुसऱ्यात बारीक, स्वच्छ.

"ही अंगाऱ्याआधीची सूज, अन् हे अंगाऱ्यानंतर! मशीन खोटं बोलंल का?"

एरवी विज्ञानाला शिव्या घालणारे महाराज त्या दिवशी मशीनच्या पाया पडायचेच बाकी होते.

डोळा माझ्या शेजारच्या झुंबरबाईंचा. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात, दारात कुणी फिरकत नसे. आता बायका त्यांना हाताला धरून पुढे बसवत होत्या. काचबिंदूचे थेंब मात्र त्यांनी बंद केले होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मला राहवेना.

"मावशी, दुसरा फोटो काढायला कधी गेल्त्या?"

"गेलेच न्हाई, सर. दवाखान्यातलं फोटोचं पाकीट महाराजापाशी व्हतं. त्यातच आपोआप उमटला."

तो पहिला फोटो काढणाऱ्या नवीन जालन्यातल्या डॉ. शिवकन्यांकडे मी त्यांना तडक नेलं. सगळं ऐकून डॉक्टरांनी मलाच मशीनपुढे बसवलं. मशीनच्या स्क्रीनवर माझ्या डोळ्याच्या रेषा फिसकटलेल्या दिसल्या.

"ही तुमची सूज, सर." त्यांनी एक बटण दाबलं, रेषा स्वच्छ झाल्या. "अन् हा अंगारा."

मग त्यांनी समजावलं. मशीनच्या प्रकाशात अनेक रंग असतात. काचेतून, डोळ्यातल्या पाण्यातून जाताना ते मागेपुढे होतात आणि रेष पसरते. मशीनमधली दुरुस्ती लावली की ते पुन्हा जुळतात. "मावशींचा पहिला फोटो दुरुस्ती न लावल्यानं असाच बिघडला, म्हणून लगेच दुसरा काढला. दोन्ही पाकिटात गेले."

"म्हंजी माझा डोळा बरा न्हाई?"

"नाही, मावशी. साफ फोटोत रोगच साफ दिसतोय. इथं नस पातळ होत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी वाचेल."

परतीच्या एसटीत गाव जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "मंग उद्यापासून माझ्याकडं कुणी येणार न्हाई." फार वाईट वाटलं.

तसंच झालं. मी गावात सगळं सांगितलं, मठ ओस पडला आणि झुंबरबाईंचं अंगणही. थेंब टाकताना त्यांचा हात थरथरतो, म्हणून तेव्हापासून रोज संध्याकाळी मी जातो.

चमत्काराचे फोटो दिसले की विचारा: कधी काढले, कुणी काढले, मधे काय बदललं? डॉक्टरांचं औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि तुमच्या गल्लीत एखादी म्हातारी एकटी राहत असेल, तर महाराज पोचायच्या आधी तुम्ही तिच्याकडे जा.