हातोडी पडल्यानंतरचं उत्तर

"तुझा विश्वास बसणार नाही, कुणाचाच बसत नाही," मी त्या पोरीला म्हणालो, "पण ही आमची ठमी दिवसभर बोलते. आणि बोलते ती फक्त माझ्याशी."

पोरगी म्हणजे नवी आलेली एक आई. थेरपी सेंटरच्या बाहेरच्या खोलीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर तिचा मुलगा, पंख्याकडे बघून स्वतःशीच हसणारा. डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याचं नाव सांगितलं होतं, ते ती मला सांगायला गेली आणि निम्म्यातच अडकली. "हजारांत एखाद्याला होतं म्हणे," ती म्हणाली. "हा बोलेल का विचारलं, तर म्हणाले, बघू." तिने नुकतंच तोंड धुतलेलं दिसत होतं. या सेंटरात आया पहिल्या दिवशी येऊन आधी तोंडच धुतात.

अशा माणसाला नुसतं खरं पुरत नाही. वर थोडं घालावं लागतं.

"बोलते?" तिने ठमीकडे पाहिलं. ठमी चाकाच्या खुर्चीत बसली होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, आणि दोन्ही हात सारखे एकमेकांवर चोळत, जणू न दिसणाऱ्या साबणाने धुतेय. तोंडातून आवाज एक नाही.

"डोळ्यांनी गं. हो असेल तर सरळ डोळ्यांत बघते. नाही असेल तर घट्ट मिटून घेते. एवढ्यावर सगळं चालतं. माझ्या बायकोने तर आख्खा संसार नुसत्या मिटण्यावर चालवला."

"आणि हे कोण?" तिने हनुवटीने पलीकडे दाखवलं.

"हे तिचे दुसरे आजोबा. माझे व्याही. यांच्याशी अवाक्षर नाही."

व्याहीबुवा गाढ झोपले होते. तिथल्या खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीला ठोकलेल्या, त्यामुळे ते घोरले की आख्खी रांग हलायची. मागच्या आठवड्यात टोकाच्या खुर्चीवरची एक बाई त्या हादऱ्याने खाली पडली, हे मी स्वतः पाहिलंय.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. मी उभा जन्म लिलावघरात बोली पुकारली. मेलेल्यांची कपाटं, बुडालेल्यांची दुकानं, भांडलेल्या भावांची झुंबरं, सगळं माझ्या हातोडीखालून गेलं. गर्दीत कुणाची भुवई हलली की मला बोली कळायची. एकाने कानावरची माशी हाकलली आणि मी त्याला पियानो विकला. तो घेऊनही गेला, बिचारा आनंदाने. तेव्हा माणसाचे डोळे वाचावेत तर मीच. आणि व्याहीबुवा? वाचनालयात शिपाई. नोकरीभर तोंडात एकच शब्द, "शूऽऽ!" दुसऱ्याचं तोंड बंद करण्याचा पगार खाल्ला या माणसाने. आणि माझी नात, माझ्या लेकीची लेक, माझंच नाक घेऊन जन्माला आलेली, बोलत होती ती यांच्याशी!

कशी, तेही ऐका. हे तिला विचारणार, "ठमाबाई, दूध?" आणि विचारता विचारता यांना डुलकी लागणार. मध्ये काय होतं याचा यांना पत्ता नाही. जाग आली की समोर ठमी यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेली. "हो म्हणतेय," असं पुटपुटत हे दूध आणणार आणि ती घटाघट पिणार.

"बाबा, अण्णांना कसं बरोब्बर कळतं बघा," लेक म्हणाली.

"कळतं कसलं! झोपतात ते!"

"मग तुम्हीही झोपा की थोडं."

जावई पेपराआड हसला. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठल्या कंपनीने गोळी काढलेली नाही. दारात व्याहीबुवांच्या चपला दिसल्या की त्या उचलून लिलावात काढाव्याशा वाटायच्या. एकदा मीही डुलकीचं सोंग घेतलं. ठमीला विचारलं, "गाणं लावू?" आणि एक डोळा किलकिला ठेवून मान टाकली. पण दुपारची वेळ, पोट भरलेलं, झोप खरीच लागली. जाग आली तेव्हा गाणं वाजत होतं, व्याहीबुवा बोटांनी ताल धरून बसले होते आणि दोघंही माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडातून लाळ गळत होती. ठमीच्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता.

आणि आज तर निकालाचाच दिवस. लेक आत सेंटरच्या बाईंशी बोलत होती. नव्या शाळेत ठमीबरोबर वर्गात एका मोठ्या माणसाला बसता येणार होतं. एकालाच. घरातून निघताना लेक म्हणाली होती, "ती ज्याच्याशी बोलते, तो बसेल." मी इस्त्रीचा सदरा घातला होता. व्याहीबुवांची तर बटणंसुद्धा एक घर चुकलेली.

"तुम्हाला कसं जमलं?" पोरीने विचारलं.

"त्याचं असं झालं," मी सरसावून बसलो. "यांचा मोतीबिंदू काढायचा होता. दिवसभर ठमी एकट्या माझ्याकडे. मी सकाळपासून विचारतोय, पाणी हवं? नको? भूक लागली? नाही? बाहेर जायचं? आणि 'बाहेर' म्हटल्याबरोबर हिने टक लावून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, जिंकलो! खुर्ची घेतली आणि थेट रस्त्याच्या टोकाला. तिथे ही अशी रडायला लागली की समोरच्या सलूनमधले आरसे तडकले."

"आरसे?"

"दोन. त्यातला एक आधीचाच तडकलेला होता. खोटं कशाला बोलू? तर तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते 'हो' बाहेर जायला नव्हतंच. पाण्याला होतं! तिचं उत्तर निघतं, पण पोचायला वेळ लागतो, आणि मी तोवर दोन प्रश्न पुढे. आमच्या लिलावघरात एक वार, दोन वार, तीन वार झालं, हातोडी पडली, की मागून आलेली बोली धरत नाहीत. ठमीची एकही बोली मी धरली नव्हती."

मांडीवरच्या मुलाच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "मी याच्यासमोर चेंडू धरते. हा बघतच नाही. मग मी लगेच बाहुली धरते. मग गाडी." मग तिने विचारलं, "किती वेळ थांबायचं असतं?"

"उत्तर येईपर्यंत."

इथपर्यंत बहुतेक सगळं खरं होतं. फक्त तो प्रकाश माझ्या डोक्यात पडला नव्हता. मी रडणारी ठमी घेऊन घरी आलो, तेव्हा व्याहीबुवा दवाखान्यातून परतले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा झोपेला आलेला. "मघाच्या पाण्याचं 'हो' असेल ते," ते म्हणाले. "तिला वेळ लागतो जरा." आणि आडवे झाले. एवढी मोठी गोष्ट, आणि हा माणूस ती जांभईत गुंडाळून देतो! मला महिना महिना डोकं आपटून जे सापडलं नाही, ते यांच्याकडे उशाशी पडलेलं होतं, आणि आपल्याकडे काही आहे हेही यांना ठाऊक नव्हतं. चोरी करावी तर अशाच घरी. मालकाला पत्ताच लागत नाही.

इथून पुढे मी गाडी उतारावर सोडली.

"मग मी काय केलं? हिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. विचारलं, ठमे, शाळेत तुझ्याशेजारी कुणी बसायचं? मी, की ते? आणि गप्प."

"तुम्ही? गप्प?"

"मी! शेजारीण दोनदा डोकावून गेली, म्हातारा आहे की गेला बघायला. खिडकीतून कबूतर आत आलं, माझ्या टकलावर बसलं. मी हललो नाही. त्याने काड्या आणल्या. हललो नाही. अंडं घातलं—"

"आजोबा, काहीतरीच!" पोरगी खळखळून हसली. ती हसल्यावर तिचा मुलगा पंखा सोडून तिच्या तोंडाकडे बघायला लागला, पण हे तिच्या लक्षात आलं नाही.

"—आणि मग हिने डोळे उचलले. हळूच. आणि बघितलं. माझ्याकडे."

आतलं दार उघडलं होतं. लेक दारात उभी होती. किती वेळ ऐकत होती कुणास ठाऊक. मी आवाज चढवला, मागच्या रांगेतल्या गिऱ्हाइकासाठी चढवायचो तसा. "मला निवडलं हिने! माझंच नाव! विचारा हवं तर!"

हे 'विचारा हवं तर' मी लिलावघरात हजारदा म्हटलंय. या कपाटाला वाळवी लागायची नाही, विचारा हवं तर. कुणी कधी विचारत नाही. पण ही पोरगी नवी होती. ती मुलाला कडेवर घेऊन उठली आणि ठमीच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली.

"ठमी," तिने विचारलं, "खरं का गं? तू या आजोबांना निवडलंस?"

"अगं, आता तिची व्यायामाची वेळ—"

तिने मागे न बघता हात वर केला. "थांबा ना. तुम्हीच म्हणालात."

मी थांबलो. ठमीचे हात एकमेकांवर फिरत राहिले. तिने खिडकीकडे पाहिलं. मग पोरीच्या कडेवरच्या मुलाकडे. मग कुठेच नाही. माझ्या जिभेवर चार वाक्यं येऊन उभी राहिली, अरुंद जिन्यात अडकलेल्या हमालांसारखी एकमेकांना ढकलत. लेक दारातून हलली नाही. खुर्च्यांची रांग व्याहीबुवांच्या श्वासाबरोबर वरखाली होत राहिली.

मग ठमीचे डोळे वळले. जड कपाट दारातून काढताना जसं इंच इंच वळवतात, तसे. भिंतीवरून, व्याहीबुवांच्या चुकलेल्या बटणांवरून, आणि माझ्यावर येऊन थांबले. सरळ माझ्या डोळ्यांत.

हो! हे तर हो! खोटं बोललो होतो मी, आणि ही माझं खोटं खरं करत होती. एक वार, मी मनात म्हटलं. दोन वार. हात आपोआप गुडघ्याकडे निघाला, हातोडी आपटायला.

ती पोरगी अजून थांबलेली होती. म्हणून मीही हात तसाच अधांतरी धरला.

ठमी बघत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कुणीच कधी पाहिलं नव्हतं, बायकोनेसुद्धा. तिचे चोळणारे हात क्षणभर थांबले. आणि मग माझ्या नजरेतली नजर न काढता, अगदी सावकाश, तिने डोळे मिटले. घट्ट. पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत. ओठाचा एक कोपरा वर गेला.

पोरीने श्वास सोडला. तिने मुलाला छातीशी आवळलं, माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज एवढा मोठा निघाला की बाकीच्या आया माना वळवून बघायला लागल्या.

"नाही म्हणतेय! आजोबा, नाही म्हणाली ती! मला कळलं! तुम्ही खोटं बोललात!"