आमचं खोकड

“माझी खोकडाबद्दल तक्रार आहे,” असं म्हणून मास्तर साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसलेसुद्धा.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. प्राणिसंग्रहालयात तक्रारी यायच्या त्या माकडांच्या. कुणाची टोपी जायची, कुणाची पर्स. खोकडाची तक्रार त्यांच्या साऱ्या नोकरीत पहिलीच.

“काय केलं त्यानं?”

“त्यानं नाही, तिनं.”

“मादी नाही हो आमच्याकडे. एकटा नर आहे.”

“अहो, माझी सून! तुमच्याकडेच कामाला आहे. ती मला खोकड म्हणाली!”

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. डोळे अधू झाले, मशीनवर चादर पडली आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या अंगावरच्या कपड्यांना नावं ठेवणं एवढाच उद्योग उरला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जहाजावर. घरात मास्तर आणि सून, दोघंच. सून दिवसभर पिंजरे झाडायची, जनावरांना खाऊ-पिऊ घालायची आणि घरी येऊन मास्तरांना.

आदल्या संध्याकाळी मास्तरांनी तिचा गणवेश हातात घेतला. “ही बाही कुणी बसवली? त्याला आधी फासावर द्या,” म्हणत त्यांनी बाही उसवलीदेखील. पण पुन्हा बसवायला गेले तर सुईत दोराच ओवता येईना. मग गणवेश गुपचूप घडी घालून ठेवून दिला. सकाळी एका बाहीचा गणवेश हातात धरून सून फोनवर नवऱ्याला म्हणाली, “तुमचं हे म्हातारं खोकड मला वेड लावणार आहे!”

मास्तरांचे डोळे अधू होते, कान शाबूत होते. ते चहाला न शिवता घराबाहेर पडले. शब्दाचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. तरी एखादा बरा अर्थ निघतोय का बघावं, म्हणून शेजारच्या वकिलांकडे गेले.

“दोन अर्थ आहेत,” वकील म्हणाले. “एक, कोल्ह्याहून लहान असं रानातलं जनावर. आणि दुसरा...” ते घुटमळले. “वाळलेलं, खंगलेलं, निकामी म्हातारं माणूस. पहिला अर्थ घ्यावा तर तुम्हाला शेपूट नाही. म्हणजे दुसराच लागू पडतो.”

एवढं ऐकल्यावर मास्तर थेट साहेबांकडे आले होते.

“मास्तर, खोकड कधी पाहिलंय तुम्ही?” साहेबांनी हसू दाबत विचारलं.

“रोज आरशात दिसतं म्हणा की!”

“चला माझ्याबरोबर.”

मास्तरांना वाटलं होतं, केस झडलेलं, बरगड्या वर आलेलं काहीतरी कोपऱ्यात धापा टाकत असेल. जाळीला नाक लावून पाहिलं तर समोर मांजराहून थोडं मोठं, काटकुळ्या पायांचं, एक टुमदार जनावर उभं. कान टवकारलेले. शेपूट झुपकेदार आणि टोकाशी काळीभोर. राखाडी-तपकिरी कातडं कुठे सैल नाही, कुठे तंग नाही.

“कटिंग झकास आहे,” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

“म्हातारं झालंय. दात गेलेत. तुमच्या सूनबाईंच्याच हातचं खातं. दुसऱ्या कुणी दिलं तर पाठ फिरवतं.”

तेवढ्यात मागचं दार उघडून सून वाडगं घेऊन पिंजऱ्यात आली. जाळीबाहेरच्या या दोघांकडे तिचं लक्ष नव्हतं.

“ये रे खोकडा. तूही रुसलास? घरी एक रुसलंय. चहासुद्धा न घेता कुठे गेलंय कोण जाणे. जीव थाऱ्यावर नाही माझा. तू तरी खा गपचूप.”

मास्तरांना ठसका लागला. सुनेनं वर पाहिलं आणि जीभ चावली.

“बाबा! तुम्ही इथे?”

मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं, खोकडाकडे पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या दंडावर गेली.

“खाकी कापडाला काळा दोरा?” ते कडाडले. “लोक काय म्हणतील! टेलर मास्तराची सून तू!”

“घरातल्या खोकडानं उसवून ठेवली, मग हाताला लागला तो दोरा घेतला,” सून म्हणाली. साहेब तोंड फिरवून खोकू लागले.

त्या दिवसापासून मास्तर तो शब्द मिरवू लागले. जहाजावरून फोन आला की म्हणत, “बोल, खोकड बोलतंय.” संध्याकाळी सून दारात आली रे आली की पहिला प्रश्न, “आमचा भाऊबंद जेवला का?” इमारतीत कुजबुज झाली, की सून सासऱ्याला खोकड म्हणते आणि म्हातारा हसतो, म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

पुढे थंडीत एका दुपारी सून वेळेआधीच परतली. जिन्यात वकिलीणबाई भेटल्या. “काय गं, आज लवकर?” एवढंच त्यांनी विचारलं.

“खोकड गेलं हो,” म्हणत सून हुंदके देत वर पळाली.

थोड्याच वेळात चार बिऱ्हाडं दाराशी जमली. “सकाळी तर गॅलरीत उभे होते,” कुणी म्हणालं. “माणूस कजाग, पण हात सोन्याचा,” दुसऱ्यानं सुस्कारा सोडला. वकिलांनी चेहरा पाडून, अगदी हलक्या हातानं दार वाजवलं.

दार मास्तरांनी उघडलं.

वकिलीणबाई किंचाळल्या. वकिलांचा हात हवेतच राहिला.

“मास्तर... तुम्ही आहात?”

“अजून तरी आहे.”

“मग गेलं कोण?”

मास्तरांच्या ओठांवर एक फर्मास उत्तर आलं होतं. पण आत सून भिंतीला टेकून बसली होती. गणवेशही बदलला नव्हता. मास्तरांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि ते उत्तर गिळलं.

“आमच्यातलंच होतं एक,” ते म्हणाले. “आता आलाच आहात, तर बसा थोडं. तिला बरं वाटेल.”

आणि बाजूला होऊन त्यांनी दार सताड उघडलं.