वरच्या मजल्यावरचा माझा जुळा

मी टॉवेल बोलतोय. अंघोळीचा, पांढरा, अंगभर पुरणारा. पायपुसणं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण सध्या मी जिन्याच्या कठड्यावर पडलोय आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्याकडे त्याच नजरेने बघतोय.

दुसरं म्हणजे मी जळकुकडा आहे. लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरात मी राहिलो तिथे सगळेच कमी-जास्त तसे होते, फक्त मी ते तोंडाने कबूल करतो.

एका गिरणीत, एकाच ताग्यातून आम्ही सहा जण कापले गेलो. पाचवा मी आणि सहावा तो, माझा जुळा. आमच्या दोघांच्या मध्ये काय आलं, तर नुसती कात्री. तेच सूत, तीच वीण, तोच मऊपणा. म्हणून तर पुढे जे झालं ते मला इतकं झोंबलं.

दुकानात आम्हाला घ्यायला दोघी जावा आल्या. थोरली बोटांनी चोळून बघत होती, धाकटी सरळ गाल लावून.

"बाई, गाल लावलेला माल परत घेणार नाही हं," दुकानदार म्हणाला.

"परत द्यायला कोण घेतंय? पाहुण्यांसाठी घेतोय. पैसे देणारे पाहुणे," थोरली म्हणाली आणि दोघी अशा हसल्या, की मला वाटलं सख्ख्या बहिणीच आहेत.

घर दुमजली. खाली थोरली, वर धाकटी. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, दिवसभर कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात. मुलं शिकायला बाहेर गेलेली, त्यामुळे दोन्ही मजल्यांवर एकेक खोली रिकामी. त्या खोल्या सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या, आणि पाहुणे जाताना फोनवरच्या ॲपमध्ये तारे देणार, असा सगळा बेत होता. आमची तीन-तीन अशी वाटणी झाली. गच्चीवर दोरी एकच, म्हणून ओळखायला थोरलीने आपल्या टॉवेलांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला आणि धाकटीने निळ्याचा. मी लाल झालो. तो निळा झाला आणि वर गेला. घरात तोवर कसलीच वाटणी झाली नव्हती, ती आमच्यापासून सुरू झाली.

पहिले काही महिने मजेत गेले. थोरलीकडे पाहुणे आले की धाकटी खाली येऊन चादरी घालू लागायची. धाकटीकडे कुणी आलं की थोरली आपली चांगली किटली वर पाठवायची. संध्याकाळी दोघी जिन्यात बसून पाहुण्यांच्या नकला करायच्या.

मग धाकटीला पट्टी मिळाली. पट्टी म्हणजे ॲपवर नावापुढे एक सोनेरी चिन्ह येतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'उत्तम यजमान'. सरासरी निदान चार पॉइंट आठ राहिली तरच ते मिळतं आणि खाली घसरली की लगेच काढून घेतात. धाकटी धावत खाली आली, फोन दाखवला. थोरली म्हणाली, "अरे वा! छान झालं हो." आणि धाकटीची पाठ वळल्यावर तिने हातातलं पातेलं ओट्यावर असं आपटलं, की न्हाणीघरात मी दचकलो.

तेव्हापासून आमच्या मजल्यावरची हवाच बदलली.

वरून बातम्या यायच्या. धाकटी म्हणे टॉवेलांचा हंस करते. मान वळवलेला, चोच खाली घातलेला. माझ्या जुळ्याचा हंस! पलंगाच्या मधोमध बसून तो फोटो काढून घेतो म्हणे. मी इकडे खुंटीवर लोंबकळत होतो. माझ्या अंगाची काय लाही झाली म्हणून सांगू. थोरलीचीही झाली असणार, कारण एक दिवस तिने फोनवर बघत बघत मला पलंगावर घेतलं आणि पिळलं, दुमडलं, उलटं केलं. जे झालं त्याला मान होती, पण पोटही सुटलं होतं. पाहुण्यांनी जाताना पाच तारे दिले आणि प्रेमाने लिहिलं, 'टॉवेलची कोंबडी फार गोड होती.'

पाच तारे मिळूनही थोरली दिवसभर कुणाशी बोलली नाही.

मग एका पाहुणीने लिहिलं की टॉवेलवर केस सापडला. केस तिचाच होता. लांब, तांबडा. थोरलीचे केस पांढरे आणि कानापर्यंतच. पण ॲपला कोण समजावणार? त्या दिवसापासून थोरली आम्हाला उकळू लागली. खरंच, पातेल्यात घालून, चुलीवर. वर कडक पावडर आणि घासायला ब्रश. मऊपणा कसला राहतोय? मी वाळलो की पत्र्यासारखा उभा राहायचो. तिला तो स्वच्छपणा वाटायचा. मी आरशात स्वतःला बघायचो आणि वर हंस होऊन बसलेल्या त्या शहाण्याची आठवण काढायचो.

थोरलीचं घरातलं वागणंही बदललं. पाहुणे असले की नवऱ्याने मोठ्याने खोकायचं नाही, बादली सरकवायची नाही, दार लोटायचं तर दोन हातांनी लोटायचं. एकदा बिचाऱ्याला शिंक आली.

"अहो! भिंत पातळ आहे."

"मग काय करू? शिंक आत ठेवू?"

"बाहेर जाऊन द्यायची."

"बरं. जाताना सांग, मला किती तारे?" तो म्हणाला. तिला हसू आलं नाही. ती पाहुण्यांशी इतकी हसायची, की घरच्यांसाठी काही उरायचंच नाही.

एवढं करून अखेर तिलाही पट्टी मिळाली. चार पॉइंट आठ, एक कणही जास्त नाही. सकाळी उठली की आधी फोन बघायची, पट्टी आहे ना, आणि मगच तोंड धुवायची. मग एक निवृत्त गणिताचे सर उतरले. गोड माणूस. थोरलीने केलेला चहा दोनदा मागून घेतला, तिच्याशी अंगणात तास तास गप्पा मारल्या. जाताना तिच्यासमोरच त्यांनी चार तारे दिले.

"सर, काही कमी पडलं का?" तिचा आवाज चिरकला.

"छे! उत्कृष्ट. पैकीच्या पैकी मी जन्मात कुणाला दिले नाहीत. माझ्या मुलीलासुद्धा नाही," सर अभिमानाने म्हणाले.

पट्टी गेली. वर धाकटीची मात्र तशीच झळकत होती. दोघींचं जिन्यात बसणं तर केव्हाच बंद झालं होतं, आता गच्चीवर समोरासमोर आल्या तरी थोरली चिमट्यांकडे बघत दोरीवरचे कपडे काढायची.

त्याच गच्चीवर माझं नशीब पालटलं. वारा सुटला होता, दोरीवर आम्ही लाल-निळे एकमेकांत अडकलो होतो. धाकटीचे पाहुणे वेळेआधी आले, म्हणून ती घाईघाईने हाताला लागतील ते टॉवेल ओढून पळाली. कोपरे बघायला सवड कुणाला? माझा जुळा दोरीवरच राहिला आणि मी गेलो वर. एकदाचा!

वरचं न्हाणीघर मी डोळे भरून पाहून घेतलं. चकचकीत दांडी, खिडकीत झाड, साबणाला वेगळी बशी. मला वाटलं, आता मीही हंस होणार. धाकटीने मला वळवायचा प्रयत्न केलाही, पण मी ताठ. मान काही वळेना. "याला काय झालंय?" असं पुटपुटत तिने मला साधी घडी घालून दांडीवर टाकलं.

आणि मग पाहुणे बाहेर गेले की ती न्हाणीघरात यायची, बादली पालथी घालून तिच्यावर बसायची आणि फोन वाचायची. एकदा तिचा नवरा दारात उभा राहिला.

"पट्टी आहे ना? मग आता काय?"

"ताईंकडचं वाच. 'काकूंशी गप्पा मारायला पुन्हा येणार.' तेच लोक परत परत येतात त्यांच्याकडे. माझ्याकडे येतात, हंसाचा फोटो काढतात आणि जातात. माझं नावसुद्धा कुणी लिहीत नाही." तिने माझ्यात तोंड खुपसलं. "मला नाही जमत तसं बोलायला. मला भीतीच वाटते पाहुण्यांची."

म्हणजे ही खालच्या मजल्यावर जळत होती! मला गुदगुल्याच झाल्या. खाली माझा जुळा आता उकळला जात असेल, हे आठवून आणखीच झाल्या.

चार दिवसांनी एक बाई एकट्याच राहायला आल्या. चष्मा लावणाऱ्या, हसऱ्या. धाकटीने त्यांची उशी बदलून दिली, रस्ता दाखवायला कोपऱ्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी बाई न्हाणीघरात आल्या, कडी लावली, नळ सोडला आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"अगं, इथे कमी काय काढू? सगळं चांगलंय."

"काहीतरी काढ. एवढंसुद्धा करणार नाहीस का माझ्यासाठी?"

पलीकडचा आवाज थोरलीचा होता. ही तिची शाळेतली मैत्रीण, धाकटीने कधी न पाहिलेली. मी दांडीवर गार पडलो.

"पोरगी गुणी आहे गं तुझी जाऊ."

"गुणीच आहे. तीन तारे दे आणि मोकळी हो."

मैत्रिणीने सुस्कारा सोडला, हात धुतले, ते मला पुसले आणि थांबली. मला चिमटीत धरून चोळून बघितलं. "थांब, सापडलं. टॉवेल खरखरीत आहे."

"बघ! म्हटलं नव्हतं? नुसता देखावा असतो तिचा," थोरली म्हणाली.

तीन तारे पडले. 'बाकी उत्तम, पण टॉवेल फार खरखरीत, अंग सोललं.' दोन दिवसांत धाकटीची पट्टी गेली.

ती रडली नाही. दांडीवरून मला काढलं, गालाला लावलं, चटकन लांब धरलं. मग कोपरा उलटा केला आणि लाल टाका पाहिला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. ती मला घेऊन जिना उतरली. थोरली ओट्याशी उभी होती.

"ताई, तुमचा टॉवेल माझ्याकडे आला होता. गच्चीवर अदलाबदल झाली असणार. माझीच चूक, मी बघितलं नाही." तिने फोन पुढे केला. "पट्टी गेली हो माझी. आता खाली उत्तर लिहायचंय. मला सुचत नाहीये. तुम्हाला छान बोलता येतं, तुम्ही सांगा ना काय लिहू."

थोरलीने फोन घेतला आणि वाचला. मग मला हातात घेतलं, अंगठ्याने चोळलं. किती तरी वेळ चोळत राहिली.

"लिही, टॉवेल खालच्या मजल्यावरच्या बाईंचा होता. त्या टॉवेल उकळतात, म्हणून तो असा झाला."

"असं कशाला? तुमच्याकडे येणारे वाचतील ना."

"वाचू देत. टॉवेल माझा आहे," थोरली म्हणाली. "आणि लिहिणारी बाईही माझीच आहे."

धाकटीला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिचा चेहरा मला बघवला नाही.

"मी जळत होते गं तुझ्यावर," थोरली म्हणाली. "रात्रंदिवस."

धाकटीने फोन आणि मला दोघांनाही तिच्या हातातून काढून घेतलं. जिना चढताना मी तिच्या हातातून निसटलो की तिने मला टाकलं, ते मलाही कळलं नाही. या कठड्यावर अडकलो तो इथेच आहे. वरून कुणी न्यायला आलं नाही, खालून कुणी उचललं नाही. लाल टाका असूनही मी कुणाचाच नाही.

आज सकाळी थोरली खालच्या पायरीवर येऊन बसली. हातात फोन. ॲपवर धाकटीचं उत्तर आलं होतं, ते ती बोटाखाली धरून पुटपुटत वाचत होती, म्हणून मलाही ऐकू आलं. 'क्षमस्व. टॉवेल आमच्या घरचाच होता. यापुढे काळजी घेऊ.' बस, एवढंच. खालच्या बाईंचं नाव नाही, मैत्रिणीचं नाही. थोरलीने ते पुन्हा वाचलं. 'घरचाच' या शब्दापाशी तिचं बोट दर वेळी थांबत होतं.

मग ती आत गेली आणि माझ्या जुळ्याला घेऊन आली. त्याला माझ्या शेजारी ठेवलं. कात्रीनंतर आम्ही दोघे असे अंगाला अंग लावून कधी राहिलोच नव्हतो. तो उकळून उकळून माझ्याइतकाच ताठ झाला होता. मी एवढे दिवस हेच मागत होतो. मला आनंद व्हायला हवा होता, पण नाही झाला. नुसतं वाईट वाटलं.

थोरलीने वर तोंड करून हाक मारली, "अगं, तुझा टॉवेल आणलाय."

वर नळ चालू होता. तो बंद झाला. थोरली परत फिरणार, तेवढ्यात वरून आवाज आला, रागातलाच, जड.

"तिथेच ठेवा. आणि वर येताना चपला काढून या, फरशी पुसलीय."

पाहुण्याला असं कुणी सांगत नाही. थोरली चपला काढायला वाकली आणि तिने आधारासाठी कठडा धरला, म्हणजे आम्हालाच. आता तुम्ही जाऊ शकता. मला जरा ऐकू द्या, ती पायऱ्या चढतेय.