शैलाच्या अक्षरातलं पुस्तक

करी रोडच्या चाळीत पस्तीस वर्षं शेजारी राहिलेली अंबिका कायमची कणकवलीजवळच्या गावी निघाली होती. तिला काय द्यायचं, याचा शैलाला फार विचार करावा लागला नाही. मोबाईलमध्ये दोघींचे शेकड्यांनी फोटो पडले होते. त्यातले निवडून ॲपवरून छापील पुस्तक करून घ्यायचं.

मुलीने, वैशालीने, ॲप टाकून दिलं. निवडण्यात दोन संध्याकाळी मजेत गेल्या. अंबिकेच्या पोळीभाजी केंद्राचा पहिला दिवस. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पाणी वाटणारी अंबिका. राणीच्या बागेत दोघी, एकीचेही डोळे उघडे नाहीत.

अडलं ते फोटोंखालच्या मजकुरापाशी. ॲपने मराठीची पार वाट लावली. जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या, कुठे नुसतेच चौकोन उमटले.

"आई, इंग्लिशमध्ये लिही ना."

"ती वाचणार कशी?"

"मग नुसते फोटो ठेव. बघून कळतंच की सगळं."

 खरी गोष्ट वैशालीलाही ठाऊक नव्हती. शैला बालवाडीची शिक्षिका. पाच वर्षांपूर्वी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, अंबिका तिच्यापुढे पाटी घेऊन बसली होती. "नीट वाचूक येईपर्यंत कोणाक सांगू नको हा," असं तिने कबूल करून घेतलं होतं. दुपारची गिऱ्हाइकं आटोपली की दार लोटून दोघी बसायच्या. अंबिका आता वाचायची, पण शैलापुढेच. चारचौघांत कागद समोर आला की "चष्मा नाय आणलंय" म्हणून नवऱ्याकडे, जयवंताकडे, सरकवायची. अशा बाईला शब्दांवाचून पुस्तक द्यायचं?

शैलाने ॲपवाल्यांना विचारलं. मराठीची सोय नाही, असं उत्तर आलं. शनिवारी अंबिका निघणार आणि छापायला पाठवायची मुदत उद्या दुपारीच संपणार.

सकाळी चहा गाळता गाळता शैला थबकली. "वैशू, ॲपला अक्षरं चालत नाहीत. फोटो तर चालतात ना?"

"म्हणजे?"

"कागद आण. पांढरे. आणि जाड मार्कर."

बालवाडीच्या भिंतींवर तीस वर्षं लिहिलेलं ते टपोरं, गोल अक्षर तिने कागदावर उतरवलं. एकेक कागद गॅलरीतल्या उन्हात ठेवून फोटो काढला. पहिल्या तिन्हींत तिच्याच डोक्याची सावली पडली. मग वैशाली स्टुलावर चढून काढू लागली. अठरा कागद झाले. ॲपने एकही नाकारला नाही. बारा वाजायच्या आत पुस्तक गेलं.

शुक्रवारी ते घरी आलं.

शनिवारी अंबिकेच्या खोलीत बांधाबांध झाली होती, शेजारी निरोपाला जमले होते. शैलाने पुस्तक अंबिकेच्या हातात ठेवलं. ती मागाहून एकटीने निवांत वाचेल, असा शैलाचा हिशोब. पण जयवंताने सवयीने हात पुढे केला. "आण, मी वाचून दाखवतो."

अंबिकेने पुस्तक सोडलं नाही.

"थांबा. माका वाचूक येता."

 अंबिकेने ओळीखाली बोट धरलं. "अंबिकेच्या दु-का-ना-चा पहिला दिवस. दीडशे पोळ्या लाटल्या. माझ्या सात ज-ळ-ल्या."

सगळे हसले. पुढच्या पानावर 'मिरवणुकी'पाशी ती अडली. शैलाच्या ओठांवर शब्द आला होता, पण तिने तोंड घट्ट मिटलं. अंबिकेने बोट मागे घेतलं, पुन्हा सुरुवात केली आणि शब्द पार केला. मग ती थांबलीच नाही. अठराच्या अठरा मजकूर वाचले. शेवटचे तर धडाधड.

जयवंत बघतच राहिला. "कधी शिकलीस गं?"

"पाच वर्सां झाली." मग ती शैलाकडे वळली. "छापील असता तर अडलंच असतंय. ह्या तुझा अक्षर माझ्या ओळखीचा."

 शैला मान हलवत हसत राहिली.

"पहिल्यापासून वाच ना काकी," मागून उशिरा आलेलं कोणी म्हणालं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत सुटला होता. अंबिका पुस्तक छातीशी धरून गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकून ओरडली, "धा मिन्टां थांब रे! वाचतंय मी!"