लिहिणाऱ्या यंत्राचा उपयोग

शिड्यांच्या कारखान्याचे मालक दोघे भाऊ. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. शिडीच्या पायांना काळं रबर लावायचं की पिवळं, यावरून बिनसलं होतं. तेव्हापासून निरोप हिशेबनीस पोचवी. साऱ्या खोलीने ऐकलेलं वाक्य तो बिचारा दुसऱ्या टेबलापाशी जाऊन पुन्हा म्हणून दाखवी.

त्यात धाकट्याने नवं खूळ काढलं. पत्रं लिहिणारं, गिऱ्हाइकांना उत्तरं देणारं एआय घ्यायचं म्हणे. थोरल्याच्या मते त्यात दमडीचा फायदा नव्हता. शिडीवर माणूस चढतो, यंत्र नव्हे. त्याने निरोप धाडला, की यंत्र आलं तर वाटण्या. वकिलाला दुपारी बोलावलंसुद्धा. मग डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. वडिलांच्या कारखान्यात मधोमध भिंत त्यालाही नको होती. पण माघार घेईल तो थोरला कसला.

धाकट्याचं उत्तर छापील आलं. फायदे, तोटे, अंदाज, सगळं गुळगुळीत. थोरला नाक मुरडत वाचत गेला आणि शेवटी अडला. 'दादा, तुझ्याशिवाय हा कारखाना मला चालवता येणार नाही. आपण एकत्रच राहू.'

त्याने चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि खुर्ची वळवली.

"हे तू लिहिलंस?"

धाकटा दचकला. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. "नाही. नमुन्याला मिळालेल्या यंत्राने. दादाला पटेल असं लिही, एवढंच मी सांगितलं."

"ही ओळपण?"

"तीपण."

थोरल्याचं तोंड कडू झालं. "म्हणजे कोणाच्याही दादाला ते हेच लिहील."

"लिहील." धाकटा टेबलाकडे बघत राहिला. "मी खोडायला घेतली होती. खोडवली नाही."

हिशेबनीस सवयीने निरोप पोचवायला उठला. थोरल्याने त्याला हातानेच बसवलं.

"धंद्याला याचा काडीचा उपयोग नाही," थोरला म्हणाला.

"वापरून बघितल्याशिवाय कसं कळणार, दादा?"

"नाही म्हणजे नाही. पण राहू दे ते यंत्र."

त्याने वकिलाला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. वकिलाने कारण विचारलं. थोरल्याने एकदा घसा खाकरला, दोनदा खाकरला, आणि फोन धाकट्याच्या हातात दिला.

"तू सांग," तो म्हणाला. "मला जमायचं नाही."