आईच्या चपलांना लाल कार्ड

तर झालं काय, आपल्या ज्ञानेशला डिसेंबरात कंपनीत बक्षीस मिळालं. चाकणला प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढतात तिथं, आहे ना तो, त्याच्या लाइनवरची टापटीप बघून साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, आणि गडी हवेतच. टापटीप म्हणजे कशी, तर प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि जागेभोवती पिवळी पट्टी. पाना टांगायचा तिथं भिंतीवर पान्याचाच आकार रंगवलेला, म्हणजे पाना गेला की भिंतच ओरडून सांगते काय गायब आहे ते. आणि वर्षभर जे कुणी वापरलं नाही त्याला लाल कार्ड. ज्याला वस्तू हवी त्यानं कार्ड काढायचं. आठवडाभर कुणी काढलं नाही तर वस्तू भंगारात. वाद नाही, भांडण नाही.

ज्ञानेशनं ठरवलं, यंदा घरीपण हेच. नवीन वर्ष, नवीन सवयी. पहाटे उठायचं, मोबाइल लांब ठेवायचा, आणि घरातली अडगळ काढायची. घर म्हणजे चिखलीतल्या दोन खोल्या, त्यात तो, बायको रुपाली आणि वडील मालोजी, म्हणजे आबा. आई दीड वर्षापूर्वी गेली. रात्रीतून छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातली, पायात काही नव्हतं. दवाखान्यातून परत आलीच नाही. चपला दारातच राहिल्या.

तेव्हापासून आबा त्या चपला रोज पुसायचे. सकाळी स्वतःच्या पुसल्या की तिच्या, आणि मग दोन्ही जोड शेजारी शेजारी, तोंड बाहेरच्या बाजूला करून. ज्ञानेश पहिल्या शिफ्टला बस पकडायला पळायचा, त्यानं हे कधी बघितलंच नाही राव. रुपाली बघायची.

एक जानेवारीला सुट्टी टाकून गड्यानं कंपनीतून आणलेली पिवळी पट्टी काढली. दारात फरशीवर चौकोन मारले, एक त्याचा, एक रुपालीचा, एक आबांचा. आबांच्या चपला ठेवून, नीट मापानं. मग लाल कार्डं. तुटक्या कूलरला एक, मिक्सरच्या फुटक्या भांड्याला एक, आणि आईच्या चपलांना एक. तोवर आबा चपला घालून देवळात गेले होते. रुपाली म्हणाली, आबांना एकदा विचारून घ्या. तर हा म्हणतो, "विचारायचं कशाला? कार्ड लावलंय ना. हवं असेल तर काढतील की."

आबा आले. कार्ड बघून दारातच थांबले, बराच वेळ. काढलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी चपला पुसताना त्यांनी ते कार्डसुद्धा धोतराच्या सोग्यानं हलक्या हातानं पुसलं. रुपालीला वाटलं, बापलेकांचं काहीतरी बोलणं झालेलं दिसतंय. ती गप्प बसली.

आठवडा भरला. याच्या सुट्टीच्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा आबा देवळात आणि रुपाली नळावर. ज्ञानेशनं कूलर दिला, भांडं दिलं, चपला दिल्या, आणि जागा झाडून घेतली. एकदम मोकळं झालं दार.

आबा परत आले. स्वतःच्या चपला चौकोनात काढल्या. शेजारच्या झाडलेल्या फरशीकडे बघत उभे राहिले. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ज्ञानेशनं रुपालीला सांगितलं, बघ, काही बोलले का? त्यांची हरकतच नव्हती.

संक्रांतीनंतर आबा म्हणाले, गावाकडं औशाला जाऊन येतो चार दिवस, तिथल्या घराचं पत्र्याचं काम बघतो. ज्ञानेश त्यांना वल्लभनगरच्या स्टँडवर सोडायला गेला. लातूरची एसटी लागली, पिशवी वर टाकली, आणि हा खिडकीखाली उभा राहून गोळ्यांच्या वेळा समजावत होता. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्ञाना, ते लाल कशाला लावलं होतंस रे?"

यानं कंपनीतलं सगळं सांगितलं. कार्ड, आठवडा, भंगार.

"अस्सं व्हय," आबा म्हणाले. "मला वाटलं, आई सवाष्ण गेली म्हणून तू तिच्या नावानं लाल लावलंस. म्हटलं, लेकराला आठवण हाय."

म्हणून काढलं नव्हतं कार्ड. कळतंय का? जपायचं म्हणून काढलं नव्हतं.

एसटी हलली. हा गाडीसोबत गेटपर्यंत चालत गेला, आबांनी एकदा हात दाखवला, बास.

चार दिवसांचे आठ झाले, मग पाडवाही गेला. फोन केला की आबा चांगलं बोलतात. पत्र्याचं काम चाललंय, पाऊसपाणी झालं की बघू, तुमचं तुम्ही सुखात राहा. चिडले असते तर बरं झालं असतं, रुपाली म्हणते. चिडलेल्या माणसाला मनवता येतं.

आणि दारात तो चौकोन. ज्ञानेश शिफ्टवरून येतो, बूट काढतो आणि शेजारी आबांची जागा रिकामी. काय गायब आहे ते फरशी रोज सांगते. त्याचीच पट्टी, त्याचंच माप.

परवा तो पट्टीचं रीळ घेऊन खाली बसला. आबांच्या चौकोनाला लागून अजून एक मारायला घेतला. माप काही ठरेना, म्हणून आबांनाच फोन लावला. "आबा, आईच्या चपलांचा नंबर किती होता?"

आबा म्हणाले, "नंबर कुणी बघितला? देहूला गेलो होतो, तिनं पायात घालून बघितल्या अन् घेतल्या." आणि ठेवतो म्हणाले.

यानं अंदाजानंच पट्टी मारली. रुपाली मागं उभी होती. तिनं वाकून बघितलं.

"एवढे मोठे नव्हते हो त्यांचे पाय," ती म्हणाली. यानं नखानं पट्टी उकरली आणि पुन्हा मारायला घेतली.